तळहाताखालचं इंजिन

गजानन लांभात्यांचं ऐकणं एकदम गेलं नाही. निरोप घेतलेला पाहुणा उंबऱ्यावर रेंगाळतो ना, तसं ते रेंगाळत रेंगाळत गेलं. आधी सकाळच्या चिमण्या गेल्या, मग दारावरची बेल, मग फोनवरची माणसं. उभी हयात त्यांनी इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनच्या धडधडाटात काढली होती, आणि त्या धडधडाटानेच कान खाल्ले असं डॉक्टर म्हणाले. उजवा पूर्ण बंद. डाव्यातून माणसाचा आवाज यायचा, पण तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. कुणीतरी बोलतंय एवढं कळायचं, काय बोलतंय ते नाही.

एकदा कारखान्यात ते मशीनवर वाकून काम करत होते. मान वर केली तर भोवती माणसं जमलेली, हात हलवताहेत, आणि मागे फोर्कलिफ्ट थांबलेली. किती वेळ सगळे हाका मारत होते कोण जाणे. कुणाला लागलं नव्हतं, कुणी रागावलंही नाही. मॅनेजरने नुसता खांद्यावर हात ठेवला, पण तो हात इतका मऊ होता की गजाननरावांना कळलं, आपलं इथलं आता संपलं. त्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं.

तेव्हापासून ते स्नेहलतागंजमधल्या घरी, मागच्या गॅलरीत बसून असत. जग काचेपलीकडे गेलं होतं. समोरच्या बाई पोराला रागवायच्या, रिक्षावाले भांडायचे, पिंपळाची पानं सळसळायची, आणि हे सगळं मुकाट चालायचं. पहिल्यांदा त्यांना त्याची भीती वाटली. पुढे पुढे गुंगी यायला लागली. स्टेशन जवळच असल्यामुळे मालगाडी गेली की खुर्चीचा पाय बारीक थरथरे. ते डोळे मिटून ती थरथर मांडीतून, पाठीतून वर येऊ देत आणि गाडी लांब किती, भरलेली आहे की रिकामी, याचा अंदाज बांधत बसत. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते लावलं की पंखा, भांडी, रस्त्यावरचे हॉर्न सगळं एकदम डोक्यात घुसे आणि माणसाचं बोलणं तेवढं बाहेर राही. मशीन कपाटात गेलं.

त्यांच्या बायकोला, इंदिराबाईंना, याचा त्रास वेगळ्याच ठिकाणी झाला. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. घरात भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. पण एकच गोष्ट तीन तीनदा सांगायची म्हणजे आधी ती सांगण्याजोगी हवी. मग जेवायला वाढलंय, गॅस संपलाय, लेकीचा, मितालीचा, पुण्याहून फोन आला होता, एवढं त्या सांगत. स्टाफरूममध्ये कोण कुणाला काय म्हणालं, येताना रस्त्यात काय दिसलं, ते मात्र राहून जाई. असल्या गोष्टी तीनदा सांगितल्या की त्यात काही उरत नाही. गजाननरावांना आपल्या घरातून काहीतरी कमी झालंय हे जाणवत होतं, पण काय ते बोट ठेवून सांगता आलं नसतं.

अशात एका सकाळी संताजी बर्गे आला. हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. बर्ग्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. संताजी स्वतः विमा कंपनीतून रिटायर झालेला, आणि पाण्याला इतका भिणारा की अंघोळीलाही टबात बसणार नाही. तो गजाननरावांच्या समोर स्टूल ओढून बसला, मोबाईलवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि स्क्रीन त्यांच्या नाकासमोर धरली.

‘मी बोट घेतली.’

गजाननरावांनी ते वाचलं, मग मित्राच्या तोंडाकडे पाहिलं. संताजी गंभीर होता.

“कशासाठी?” त्यांनी विचारलं. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे ते हल्ली फार हळू बोलत.

संताजीने पुन्हा लिहिलं. चोरलकडचं कुठलंसं रिसॉर्ट बंद झालं होतं, त्यांची जुनी फायबरची बोट पडून होती. हातोदच्या बाजूला तलावाकाठी त्याच्या भावाचं शेत होतं, पंचायतीची परवानगीही मिळाली होती. खानदानात सगळ्यांकडे घोडे होते, नाव कुणाकडेच नव्हती, म्हणून घेतली. पण इंजिन बिघडलेलं. लिव्हर मध्यावर आणली तरी पाण्यातला पंखा फिरत राहतो, आणि गिअर टाकला की बोट लाथ मारल्यासारखी उसळते.

“मेकॅनिकला दाखव ना.”

संताजीने मान हलवली आणि या वेळी लिहिलं नाही, डाव्या कानाशी येऊन ओरडला, “इंदूरमध्ये बोटीचा मेकॅनिक कुठून आणू भिया? इथे समुंदर आहे का?”

यातलं ‘समुंदर’ तेवढं गजाननरावांपर्यंत पोचलं, आणि का कोण जाणे, त्यांना हसू आलं. “संता, इंजिन कानाने जुळवतात,” ते म्हणाले. “आयडलिंग, म्हणजे मोकळ्या इंजिनाची चाल, ऐकावी लागते. माझ्याने आता नाही होणार.”

संताजीने ऐकून घेतलं आणि दाराजवळची त्यांची चप्पल उचलून त्यांच्या पायाशी आणून ठेवली.

बोट सांवेर रोडवरच्या संताजीच्या ओळखीतल्या एका गोदामात ट्रेलरवर ठेवलेली होती. दोन्ही बाजूंना बिस्किटांचे खोके छतापर्यंत रचलेले, वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरपी पट्टी आलेली, त्यात धूळ तरंगत होती. त्या पट्टीत ती पांढरी बोट अशी निवांत उभी होती की ती आधीच पाण्यात आहे आणि खोके म्हणजेच किनारा, असं गजाननरावांना क्षणभर वाटलं. संताजी नारिंगी लाइफ जॅकेट घालून आत चढला आणि बाकावर जपून बसला.

“जमिनीवर कशाला ते?” गजाननरावांनी विचारलं.

“आदत पडायला पाहिजे,” संताजीने सावकाश, ओठ नीट हलवत सांगितलं. हे त्यांना वाचता आलं.

गजाननराव इंजिनापाशी बसले. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेलं इंजिन, त्याच्या लांब पायाच्या टोकाला पंखा. चालवणाऱ्यासमोर वळवायचं चाक, उजव्या हाताशी एक डबा आणि त्यावर एकच लिव्हर. ती मध्ये उभी असली की न्यूट्रल. पुढे ढकलली की आधी पुढचा गिअर पडणार आणि आणखी ढकलली की वेग वाढत जाणार. मागे ओढली तर तसंच, उलट दिशेला. लिव्हर एक, पण तिच्यातून दोन केबली निघून मागे इंजिनापर्यंत जातात. एक गिअरची, दुसरी पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलची. त्यांनी बोटीचं इंजिन जन्मात उघडलं नव्हतं, पण केबल म्हणजे केबल. कारखान्यात त्यांनी असल्या शेकडो केबली ताणल्या होत्या. झाकण काढल्या काढल्या त्यांना दुखणं दिसलं. कुणीतरी दोन्ही केबली अंदाजाने अडकवल्या होत्या. गिअरची आखूड पडत होती, थ्रॉटलची सैल. त्यामुळे गिअर पूर्ण सुटत नव्हता, थ्रॉटल पूर्ण मिटत नव्हता, आणि गिअर पडायच्या आतच इंजिनाला जादा पेट्रोल मिळत होतं.

त्यांनी प्लगच्या वायरी काढून ठेवल्या आणि दोन्ही केबली सोडवल्या. आता लिव्हर आणि इंजिन यांच्यात काही नातं उरलं नाही. लिव्हर मध्यावर उभी केली. मग इंजिनावरचा गिअरचा छोटा दांडा एका हाताने हलवत दुसऱ्या हाताने पंखा फिरवू लागले. दांडा एका बाजूला गेला की पंखा अडे. दुसऱ्या बाजूला गेला की पुन्हा अडे. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद जागा होती, जिथे पंखा बोटाच्या टोकाने भिरभिरे, कुणाचाच नसल्यासारखा.

इथे ऐकू येणारा माणूस खटक्याच्या आवाजावर जातो. गजाननरावांनी डोळे मिटले. खटका त्यांच्या तळहाताला आला. आधी एक बारीक टोचणी, मग ढिलाई, मग पलीकडची टोचणी. ते दांडा पुन्हा पुन्हा इकडून तिकडे नेत राहिले आणि त्या ढिलाईचा बरोबर मध्य शोधत राहिले. मालगाडी खुर्चीतून पाठीत चढायची तसा तो मध्य हळूहळू कोपरापर्यंत चढला. मग त्यांनी केबलच्या टोकाची पितळी गुंडी थोडी थोडी फिरवली, आटे सुटत गेले, केबल वाढत गेली, आणि गुंडी आपल्या खोबणीत ओढाताण न करता, स्वतःहून बसली.

“पहिले गिअर, मग थ्रॉटल,” ते स्वतःशीच म्हणाले. थ्रॉटलच्या केबलला त्यांनी किंचित ताण ठेवला, म्हणजे लिव्हर मध्यावर आली की इंजिन अगदी तळाच्या चालीवर परत येईल. संताजीला लिव्हर पुढे पूर्ण ढकलायला सांगून थ्रॉटल शेवटपर्यंत उघडतो की नाही ते पाहिलं. मग इंजिन पाण्याच्या मोठ्या टाकीत उतरवून सुरू केलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हाताखाली काहीतरी जिवंत होतं. ते धापा टाकत नव्हतं, अडखळत नव्हतं. एकसारखं, झोपलेल्या गाईच्या पोटासारखं वर-खाली होत होतं. गजाननराव कितीतरी वेळ हात तसाच ठेवून बसले. संताजी त्यांच्याकडे पाहत होता.

जानेवारीतल्या एका रविवारी बोट पाण्यात टाकायची ठरली. इंदिराबाईंनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं, पण सकाळी त्या शाल पांघरून, थर्मास घेऊन गाडीत येऊन बसल्या. तलावावर धुकं होतं. पलीकडचा काठ नव्हताच, आकाशही नव्हतं. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते सांगता येईना. काळी बदकं मधूनच दिसत आणि पुसली जात. गजाननराव काठावर उभे राहिले आणि त्यांना वाटलं, मी गेली दोन-तीन वर्षं राहतो ते गाव हेच. बायको आणि मित्र आज पहिल्यांदा तिथे आलेत.

तिघांनी जॅकेटं घातली. लिव्हर गजाननरावांच्या हातात होती, इंदिराबाई मधल्या बाकावर त्यांच्याकडे तोंड करून बसल्या, आणि संताजी पुढच्या टोकाला दोन्ही हातांनी कठडा धरून. लिव्हर पुढे गेली, गिअर हलकेच पडला, कुठे हिसका नाही की उसळी नाही. काठ मागे सरकला आणि धुक्यात विरला.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात एक गंमत आली. इंदिराबाई मान वळवून संताजीला काहीतरी विचारत होत्या आणि तो कानाला हात लावून मान हलवत होता. त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा मान हलवली. इंजिनाच्या आवाजात दोघांना एकमेकांचं अक्षर ऐकू येत नव्हतं. मग इंदिराबाईंनी हाताने बदकं दाखवली, संताजीने बोटांनी चोच केली, त्या हसल्या. बोटीत तीन माणसं होती आणि तिघंही हातांनी बोलत होती. गजाननरावांनी एक हात उचलून डावीकडे दाखवलं. तिथे पाण्यातून वठलेल्या झाडाचा शेंडा वर आला होता आणि त्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. दोघांनी वळून पाहिलं. मागे वळून ‘काय’ असं कुणी विचारलं नाही.

भावाच्या शेताजवळ लाकडी फळ्यांचा छोटा धक्का बांधलेला होता. तिथे चहा प्यायचा बेत होता. धक्का धुक्यातून वर आला तसा गजाननरावांनी वेग कमी केला, चाक फिरवून इंजिन डावीकडे पूर्ण वळवलं आणि लिव्हर मध्यावर आणली. न्यूट्रल. बोट आपोआप वाहत धक्क्याला लागणार होती. संताजी, आयुष्यात पहिल्यांदा, कठडा सोडून उभा राहिला आणि धक्क्याच्या खांबाला धरायला वाकला.

बोट थांबायला हवी होती, ती बाजूला सरकली. संताजीचा हात खांबावरून सुटला आणि तो फार सावकाश, खुर्चीवर बसायला जावं तसा, पाण्यात बसला. आवाज झालाच नाही. निदान गजाननरावांच्या जगात नाही. नारिंगी जॅकेट वर आलं, संताजीचं उघडं तोंड दिसलं, इंदिराबाई उठून हात पुढे करताना दिसल्या. बोटीचं पुढचं टोक वळत होतं आणि मागचं टोक, इंजिनासकट, संताजीकडे चाललं होतं.

गजाननरावांनी लिव्हरकडे पाहिलं. ती मध्यावर होती. डोळे सांगत होते न्यूट्रल आहे. पण लिव्हरवरच्या तळहाताला काही वेगळं लागत होतं. मोकळ्या इंजिनाची ती गाईच्या पोटासारखी चाल नव्हती, तिच्यात ओझं आलं होतं. खाली पंखा पाणी कापत होता.

त्यांनी विचार केला नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

हाताखालची थरथर मावळली. बोट आणखी थोडी सरकली आणि थांबली. इंजिनाचा पाय संताजीच्या गुडघ्यांपासून फारतर हातभर लांब असेल. संताजी उभा राहिला तेव्हा पाणी त्याच्या छातीपर्यंतच होतं. तो तसाच उभा राहून दोघांकडे पाहत होता, जसं काही हे पाणी त्याने आजवर ऐकलेल्या पाण्यापेक्षा वेगळंच निघालं होतं.

दोघांनी मिळून त्याला धक्क्यावर घेतलं. इंदिराबाईंनी आपली शाल त्याच्या अंगावर टाकली, चहा ओतून दिला. त्याचे दात वाजत होते, पण तो हसत होता.

“न्यूट्रलमध्ये होती ना?” त्याने ओठ हलवत विचारलं.

“लिव्हर होती. इंजिन नव्हतं,” गजाननराव म्हणाले. ते फळ्यांवर बसले. “माझंच चुकलं, संता. गोदामात इंजिन सरळ ठेवून जुळवलं. वळवून पाहिलंच नाही.”

इंदिराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग शेजारी बसल्या. “पण तुम्हाला कळलं कसं?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी एकदाच विचारला, नेहमीच्या आवाजात, चेहरा त्यांच्याकडे ठेवून. गजाननरावांनी तो पूर्ण वाचला. त्यांनी बायकोचा हात घेतला, तळवा वर करून आपल्या मांडीवर ठेवला, आणि आपल्या बोटांनी त्यावर आधी मोकळी चाल वाजवून दाखवली, मग ओझ्याची. इंदिराबाईंनी डोळे मिटून घेतले. मग हळूच मान हलवली. फरक त्यांनाही लागला होता.

ऊन वर आलं, धुकं पातळ झालं. गजाननरावांनी झाकण काढलं. इंजिन डावीकडे वळवलं की गिअरची केबल एका कोपऱ्यात दबून ताणली जात होती, आणि ताणली की दांड्याला त्या ढिलाईतून ओढून पुढच्या गिअरमध्ये नेत होती. त्यांनी केबलची वाट बदलली, तिला ऐसपैस वेटोळं दिलं. त्यांनी सांगितल्यावर इंदिराबाईंनी इंजिन डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवायचं आणि संताजीने ओल्या कपड्यांनिशीच पंखा फिरवून पाहायचा, असं काम चाललं. प्रत्येक टोकाला पंखा मोकळा भिरभिरला तेव्हा त्यांनी पितळी गुंडी आणखी अर्धा फेर फिरवून घट्ट केली.

“आता तू चालव,” त्यांनी संताजीला सांगितलं.

“मी?” संताजीने स्वतःच्या छातीला हात लावला.

“भिजून तर झालाच आहेस.”

परतीच्या वाटेवर लिव्हर संताजीच्या हातात होती. तलावाच्या मध्यावर त्याने ती मध्यावर आणली, गजाननरावांकडे पाहिलं, आणि त्यांनी मान हलवल्यावर इंजिन बंद केलं. बोट तरंगत राहिली. ऊन पाण्यावर पसरलं होतं. गजाननरावांनी विचारलं, “काय ऐकू येतंय?”

इंदिराबाईंनी कान दिला. “काहीच नाही,” त्या म्हणाल्या.

गजाननरावांनी मान डोलावली आणि बोटीच्या काठावरून हात पाण्यात सोडला. पाणी थंडगार होतं आणि बोटांमधून सावकाश मागे चाललं होतं.

त्यानंतर ते वरचेवर तलावावर जाऊ लागले. संताजीने नेहरू पार्कच्या तरणतलावात पोहण्याची शिकवणी लावली आणि पहिल्याच आठवड्यात नाकात पाणी गेल्याचं भांडवल करून दोन दिवस बुट्टी मारली. हातोदकडच्या एका शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरचा क्लच दाखवायला आणला, मग त्याच्या मेव्हण्याने पंप आणला, आणि गोदामातल्या खोक्यांच्या मध्ये गजाननरावांचं छोटं वर्कशॉप कधी सुरू झालं ते त्यांनाही कळलं नाही. माणसं आली की ते आधीच सांगत, “समोर येऊन बोला, कान गेलेत.” इतक्या सहज की ऐकणारा ओशाळत नसे.

कानाचं मशीन त्यांनी पुन्हा काढलं. घरात नाही, पण तलावाच्या मध्ये, इंजिन बंद असताना, ते लावून बसत. तिथे त्यात घुसायला पंखा नव्हता, हॉर्न नव्हते. फक्त बायकोचा आवाज असे, थोडा पत्र्यासारखा, पण तिचाच.

आणि इंदिराबाई बोलत. शाळेतल्या सुहासिनी मॅडमनी हळदीकुंकवाला एकच साडी सलग तिसऱ्या वर्षी नेसली आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, फक्त शिपाई म्हणाला, मॅडम, ही साडी आपल्याला फार शोभते, दर वर्षी वाटतं. हे सांगताना त्या मध्येच हसायला लागल्या, शेवटचं वाक्य हसण्यात बुडालं. गजाननरावांनी पुढे झुकून विचारलं, “काय म्हणाला शिपाई?”

त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदाही तेवढंच हसू आलं.